दक्षिणेचा वारा

आत्या म्हणते, हात धू, पण साबण नको.
साबणाचा वास पानं विसरत नाहीत.
मग तीन डबे माझ्या पुढ्यात सरकवते
आणि दुकानाच्या उंबऱ्यावर बसते,
तायमूच्या डोंगराकडे तोंड करून,
जणू मी काय निवडते याच्याशी तिचा संबंध नाही.

वेनझोउच्या बुटांच्या कारखान्यात
नऊ वर्षं राबलेलं माझं नाक
डिंकापलीकडे काही जाणत नाही.
हे तिला ठाऊक आहे. तरी म्हणते, निवड.

पहिल्या डब्यात नुसत्या कळ्या,
छिंगमिंगच्या आधी खुडलेल्या,
मांजरीच्या पिल्लाच्या कानावर असते तशी लव.
"फार पांढरं दिसलं की विचारावं त्याला,
बाबा रे, एवढा गोरा कशाने झालास?"

दुसरा डबा म्हणे वीस वर्षं जुना.
सगळी पानं तपकिरी, एका रंगाची,
एकाच हंड्यात बुडवून काढल्यासारखी.
मी तो नाकाशी नेते न नेते तोच
ती पाठमोरीच म्हणते,
"तो म्हातारा नव्हे. त्याने केस पांढरे रंगवलेत."

तिसरा डबा बिस्किटांचा, कड गंजलेली.
आत हिरवं, राखाडी, काडीकचरा,
आणि कितीतरी पानांच्या कडा लाल,
रडून आलेल्या डोळ्यांसारख्या.
हा, मी म्हणते.
का?
यात दोन पानं एकसारखी नाहीत.
ती उठते. काही न बोलता पाणी चढवते.

आधी कळ्या.
उकळलं पाणी की खाली घ्यायचं, थांबायचं.
किती?
चार बहिणींची नावं सावकाश घेण्याइतकं.
आजोबांनी लेकींना नावंच तशी ठेवली होती:
झाओदी, भावाला बोलाव.
पानदी, भावाची वाट पाहा.
लाइदी, ये रे भावा.
आणि धाकटी ही, यिनदी, भावाला घेऊन ये.
घेऊन आलीही.
तो माझा बाप.

धार वाटीच्या कडेने सोडायची,
कळीच्या डोक्यावर नाही.
उजेडात धरलं तर पाण्यात लव तरंगते.
चव?
काकडीची साल. मग काहीच नाही.
मग बऱ्याच वेळाने, घशात, थोडी साखर.

त्या वर्षी वारा दक्षिणेचा सुटला होता,
ओला, चिकट, समुद्रावरून आलेला.
बांबूच्या चाळण्यांवर पानं पसरलेली.
सुकत्या पानाला हात लावायचा नसतो,
दुखावलं की ते लाल होतं.
पण शियामेनचा व्यापारी दारात उभा,
आणि बाबाच्या अंगात घाई.
रात्रभर तो हातांनी पानं परतत राहिला.
सकाळी सत्तर किलो माल लाल.
ती काहीतरी बोलली. तो काहीतरी बोलला.
काय, ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही.
तेव्हापासून बाबा शाचंगच्या खाडीत,
माशांच्या तराफ्यांवर खाद्य टाकतो.

आता ती तिसऱ्या डब्यातली मूठभर पानं
मातीच्या किटलीत टाकते, निखाऱ्यांवर ठेवते.
कळीला जपावं लागतं, म्हणते,
थोराड पानाला उकळीचं काय भय.
वाफेला वास सुक्या बोरांचा,
भिजल्या गोणपाटाचा,
आणि तळाशी काहीतरी आंबट.
मी बिचकत म्हणते, आंबट लागतंय.
"तो वारा," आत्या म्हणते,
आणि दुसरा कप ओतून घेते.

निघताना अर्धा डबा कागदात बांधून देते.
वर नाव लिहीत नाही.
"सांग त्याला, हा उकळावा लागतो,
नुसत्या गरम पाण्याने भागणार नाही."
मी रस्त्याला लागते, तर मागून हाक:
"आणि हात साबणाने धुऊ नको म्हणावं!
मासळीचा वास असला
तर असू दे."